ताडावरचा नंबर

एप्रिल उजाडला, की शहाड स्टेशनच्या बाहेर ताडगोळ्यांच्या टोपल्या दिसू लागतात. मुरबाड रस्त्याच्या कडेलाही विक्रेते बसतात. सकाळची लोकल पकडायला धावणारी माणसं जाता जाता डझनभर ताडगोळे पिशवीत टाकतात आणि पुढे जातात. पावसाचे पहिले थेंब पडले, की ह्या टोपल्या दिसेनाशा होतात. ऋतू नावाची गोष्ट शहरात अजून शिल्लक आहे, हे मला दरवर्षी या टोपल्यांवरून कळतं.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका एप्रिलमध्ये माझा भाचा मला ठाण्याला घेऊन गेला. एका मोठ्या इमारतीत, काचेच्या भिंतीमागे तांब्याच्या रंगाच्या उंच टाक्या उभ्या होत्या. तिथेच बियर बनते आणि तिथेच ती विकली जाते. भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, 'या मोसमाची खास बियर'. त्याखाली कोकम, आंबा अशी आपल्याच मातीतली नावं. भाचा कौतुकानं म्हणाला, "मामा, ही नवी कल्पना आहे. जे इथं पिकतं, ज्या ऋतूत पिकतं, त्याचीच बियर. मोसम संपला की तीही संपली."

मी हसलो. त्याला वाटलं, मला कल्पना आवडली. ती आवडली, हे खरंच. पण हसू आलं ते वेगळ्याच कारणानं. कारण ज्याला तो नवी कल्पना म्हणत होता, तो त्याच्या पणजोबांचा पिढीजात धंदा होता.

आमचं घराणं भंडाऱ्यांचं. मूळ गाव केळव्याच्या बाजूला, समुद्राकाठी. आजोबा ताड छेवायचे. 'छेवणं' हा शब्द आता आमच्या घरातूनही गेला. ताडाच्या फुलोऱ्याचं टोक धारदार कोयत्यानं पातळ कापायचं, त्याखाली मडकं बांधायचं, आणि दिवसातून दोनदा झाडावर चढून तो काप ताजा करत राहायचं, याला छेवणं म्हणतात. काप जाड झाला तर फुलोरा वाया जातो, पातळ झाला तर रस येत नाही. हे प्रमाण कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते आजोबांच्या मनगटात होतं.

हा रस झाडावरून उतरतो तेव्हा गोड असतो. मडक्याला आतून चुना लावलेला असेल तर तो तसाच राहतो. ती आपली स्टेशनांवर मिळायची ती नीरा. चुना नसेल, तर हवेतली आणि मडक्यातली यीस्ट लगेच कामाला लागते. काही तासांत फेस येतो, दिवसभरात रस आंबतो आणि त्यात साधारण बियरइतकं अल्कोहोल तयार होतं. ती ताडी. आणखी एखादा दिवस ठेवली तर तिचा शिरका होतो. म्हणजे ताडी ही साठवून ठेवण्याची वस्तूच नव्हती. ती त्या दिवशी, त्या गावात संपवावी लागे. गोव्यात याच आंबलेल्या रसानं पाव आणि सान्नं फुगवली जात. एकाच मडक्यातला रस सकाळी पेय असे, दुपारी मद्य, आणि स्वयंपाकघरात खमीर.

आणि त्याला मोसम होता. थंडीत शिंदीचा रस. उन्हाळ्याच्या तोंडापासून पावसाच्या तोंडापर्यंत मुख्यतः ताड. फाल्गुन-चैत्रात जंगलपट्ट्यात मोहाची फुलं. नारळाचा माड मात्र बारमाही, तो किनाऱ्यावर. शहाडहून मुरबाड-शहापूरकडे जाल तसा ताडाचा नि माडाचा मुलूख मागे पडतो आणि मोहाचा सुरू होतो. मोहाची फुलं पहाटे गळतात. झाडाखालची जमीन आधीच झाडून साफ केलेली असते. बायका-पोरं उजाडायच्या आत जाऊन फुलं वेचतात, ती काही दिवस उन्हात वाळवतात. मनुकांसारखी दिसणारी ही सुकी फुलं साखरेनं भरलेली असतात. ती भाजून, उकडून खातात, गुरांना घालतात, आणि पाण्यात भिजवून आंबवली की त्यांची दारू गाळतात. मोहाची दारू ही भट्टीवर ऊर्ध्वपातन केलेली, म्हणून ताडीपेक्षा कितीतरी कडक. ताडी ही बियरची बहीण म्हणावी, तर मोहाची ही ब्रँडीची.

वारली समाजात लग्नात आणि मर्तिकात ताडी-दारूला विधीतलं स्थान होतं. देवाला थेंब दिल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नसे. हे सांगताना मी त्या काळाला सोन्याचा मुलामा देत नाही. माणसं तेव्हाही प्यायची, झिंगायची, भांडायची. मुद्दा एवढाच, की त्या पिण्याला झाडानं घातलेली एक मर्यादा होती. झाड देईल तेवढीच ताडी आणि तीही टिकेल तेवढाच वेळ.

ही मर्यादा फक्त आपल्याकडेच होती असं नाही. युरोपातली बियरही एके काळी ऋतूच्या हातातली होती. उन्हाळ्यात बियर लावली तर ती नासायची, म्हणून बव्हेरियाच्या राज्यकर्त्यांनी १५५३ मध्ये फर्मानच काढलं होतं, की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बियर करायची नाही. मार्चमध्ये जरा कडक बियर करून ती तळघरात ठेवायची आणि उन्हाळा काढायचा. इंग्लंडमध्ये सुगीनंतरच्या ताज्या सातूची 'ऑक्टोबर बियर' होत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसनच्या ब्रुअरीतून हीच कडक बियर पिंपांत भरून जहाजांनी हिंदुस्थानात येई आणि मुंबईतले गोरे साहेब ती चवीनं पीत. म्हणजे साहेबही मोसमी बियरच पीत होता. फक्त त्याचा मोसम हजारो मैलांवरच्या शेतातला होता.

पुढे १८७० च्या दशकात म्युनिकमध्ये कार्ल लिंडे यांनी बियरच्या कारखान्यासाठी थंडावा निर्माण करणारं यंत्र बनवलं. त्यानंतर बियरला ऋतू उरला नाही. बारा महिने, एकाच चवीची, हवी तितकी बियर करता येऊ लागली.

नेमकं त्याच दशकात आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या पेयाचाही ऋतू संपायला लागला. पण इथे कुठलंही यंत्र आलं नव्हतं. इथे आला तो कायदा.

१८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. चार्ल्स प्रिचर्ड नावाचे अधिकारी त्यामागे होते. जकात, मीठ, अफू आणि अबकारी अशी सगळी खाती त्यांच्या हाताखाली होती. म्हणजे ज्या ज्या वस्तूवर सामान्य माणसाकडून पैसा काढता येईल ती प्रत्येक वस्तू. त्याआधीही सरकार दारूवर पैसा घेतच होतं. मक्ते दिले जात, मक्तेदार गावोगावच्या भट्ट्यांकडून वसुली करत. पण ती वसुली विस्कळीत होती. शंभर गावांत शंभर भट्ट्या आणि हजारो झाडं असतील, तर कर मोजणार कोण? म्हणून नव्या व्यवस्थेनं दोन गोष्टी केल्या. दारू गाळण्याचं काम मोजक्या मोठ्या भट्ट्यांकडे नेलं, जिथे दाराशी सरकारी शिपाई उभा करून प्रत्येक पिंप मोजता येईल. आणि ताडी काढायची तर झाडागणिक परवाना आणि झाडागणिक पट्टी लावली.

झाड मोजायचं म्हणजे त्याला ओळख हवी. ताडाच्या बुंध्यावर नंबर आला तो असा.

मी लहानपणी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, आजोबांबरोबर गावी गेलो होतो. घरामागच्या बांधावर एक जुना ताड होता. त्याच्या बुंध्यावर माणसाच्या छातीइतक्या उंचीवर खाचांच्या खुणा होत्या, आकड्यासारख्या. ताडाचा बुंधा इतर झाडांसारखा वर्षागणिक जाड होत नाही, त्याला नवी साल येऊन जुनी जखम बुजत नाही. त्यामुळे एकदा पडलेली खूण राहते. मी विचारलं, "आजोबा, हे काय?" ते म्हणाले, "हा सरकारचा. बाकीचे आपले." तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

झाडपट्टी वाढत गेली तशी ताडी महाग झाली. उत्तर कोकणातल्या भंडाऱ्यांनी अर्जविनंत्या केल्या. पण सरकारचा हिशेब सरळ होता. ताडी स्वस्त असेल तर सरकारी भट्टीची दारू कोण घेणार? हलकं, ताजं, गावातलं पेय महाग करायचं आणि कडक, टिकाऊ, दुकानातलं पेय पुढे सारायचं, असा त्या धोरणाचा परिणाम झाला. हेतू नीतीचा होता असं कागदावर म्हणता येत होतं. सरकार सांगे, की दारू महाग केली की लोक कमी पितील. प्रत्यक्षात तिजोरी भरत गेली. विसाव्या शतकात मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाखालोखाल उत्पन्न अबकारीचं होतं, यावरून काय ते समजावं.

मोहाची गोष्ट तर याहून कडू आहे. ताड निदान मोजता येत होता. मोहाची फुलं मात्र जंगलात गळत होती. ती वेचायला ना परवाना लागे ना पैसा. घरात फुलांची टोपली असेल तर भाकरीची सोय करण्यासाठी आहे की दारूची, हे शिपायाला कसं कळणार? म्हणून टोपलीच गुन्हा ठरवण्याचा मार्ग निघाला. १८९२ साली 'मुंबई मोह कायदा' आला. तो ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांना नजरेसमोर ठेवून केलेला होता आणि मोहाची फुलं वेचण्यावर, बाळगण्यावर त्यानं बंधनं घातली. फुलं हे गरिबाचं अन्न आहे, चैत्र-वैशाखात कणगी रिकामी होते तेव्हा हीच फुलं घर चालवतात, हा आक्षेप माहीत असूनही कायदा झाला.

आणि त्याच वेळी उरणच्या मोठ्या भट्ट्यांत दारू कशाची गाळली जात होती? मोहाच्याच फुलांची. ती पंचमहालसारख्या गुजरातच्या भागातून यायची. म्हणजे शहापूरच्या माणसानं दारातलं फूल घरात ठेवलं तर तो आरोपी. आणि शेकडो मैलांवरून आलेल्या त्याच फुलांची दारू त्यानं दुकानातून विकत घेतली तर तो चांगला नागरिक. कायद्याला फुलाशी वैर नव्हतं. फूल फुकट मिळतं, याच्याशी होतं.

१८९६-९७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते सारामाफीसाठी ठाणे-कुलाबा भागात सभा घेत फिरले. तिथे जंगलाची बंदी आणि अबकारीचा जाच या तक्रारी पुढे आल्या त्या उगाच नव्हे. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, त्यांच्यासाठी सारा म्हणजे झाडावरची आणि जंगलातली ही बंधनंच होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दारूला विरोध करणारे सगळे सरकारच्या बाजूचे होते असं मुळीच नाही. उलट होतं. पुण्यात दारूची दुकानं वाढतात म्हणून १८८० साली महात्मा फुल्यांनी नगरपालिकेकडे तक्रार केली होती. १९०८ साली लोकमान्यांच्या प्रेरणेनं पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधन झालं. या मंडळींचा रोख सरकारच्या कमाईवर होता. दारूचा पेला आणि सरकारची तिजोरी यांचं नातं त्यांनी ओळखलं होतं.

आणि खुद्द पिणाऱ्यांनीही ते ओळखलं होतं. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतून एक विलक्षण चळवळ सुरू झाली. देवी अंगात येऊन सांगू लागली, की दारू सोडा, ताडी सोडा, रोज आंघोळ करा. ही हाक डहाणूकडून वर सरकत सुरत जिल्ह्यापर्यंत पोचली आणि आदिवासींनी हजारोंच्या संख्येनं दारू-ताडीच्या दुकानांकडे पाठ फिरवली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारानं १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात ही हकीकत तपशिलानं मांडली आहे. कुणी पुढारी नाही, पक्ष नाही. देवीच्या तोंडून लोक स्वतःशीच बोलत होते. दारूचं दुकान हे तेव्हा सावकारीचंही ठिकाण होतं. दारू सोडणं म्हणजे त्या दुकानदाराच्या वहीतून सुटणं.

आमच्या घरात या देवीची आठवण वेगळी आहे. आजोबा तेव्हा ऐन विशीत होते. आजी सांगायची, "त्या साली आपली मडकी उपडी पडून होती. प्यायला कोणी येईना." आणि पुढे म्हणायची, "पण खरं सांगू? वाडीत रात्री ओरडा नव्हता. बायका निजल्या सुखानं." मडकी तिच्याच घरची होती आणि उपासही तिच्याच घरी पडला होता. तरी तिनं हे दुसरं वाक्य कधी गाळलं नाही. म्हणून मलाही ते गाळता येत नाही.

स्वातंत्र्य आलं आणि दारूबंदीही आली. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानं ती एकदा आणून पाहिली होती. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण बंदी लागू झाली. आता परवान्याचा, पट्टीचा प्रश्नच उरला नाही. आजोबांनी कोयता वळचणीला खोवला. काही दिवस नीरेचं काम केलं. पण नीरा लवकर नासते आणि ती शहरात पोचवायला लागते ती सोय गावाकडे नव्हती. पन्नासच्या दशकात शहाडला रेयॉनचा कारखाना उभा राहिला. माझे वडील तिथे कामाला लागले आणि आमचं घर ताडाच्या मुलखातून उल्हास नदीच्या काठी आलं. आम्ही शहाडकर झालो ते असे. माझी शाळा, माझी नोकरी, आजचं हे बोलणं, सगळं त्या स्थलांतरातून आलं. त्यामुळे दारूबंदीनं आमचं नुकसानच केलं असं मला म्हणता येत नाही. ज्यांना कारखान्याचा दरवाजा उघडला नाही, त्यांचं काय झालं, हा प्रश्न मात्र आहेच.

त्याचं उत्तर आमच्या लहानपणी खाडीकाठच्या तिवरांत मिळायचं. बंदी आल्यावर दारू संपली नाही. तिचा कच्चा माल बदलला. गूळ आणि नवसागर कुठेही, केव्हाही मिळतो. त्याला ना मोसम ना झाड. हातभट्टी रात्रीतून उभी राहते आणि पहाटे गायब होते. ताडीला फसवणं अवघड होतं, कारण ती ज्याच्या हातची, तो गावातच राहायचा. हातभट्टी कुणाच्या हातची, हे पिणाऱ्याला ठाऊक नसतं.

१९६३-६४ च्या सुमारास महाराष्ट्रानं बंदी सैल केली आणि १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले. या देशी दारूचा पाया कोणता? साखर कारखान्यातली मळी. साखरेच्या कारखान्यात उरलेलं जे, त्यापासून अल्कोहोल करायचं, पाणी घालून बाटलीत भरायचं. नाव 'देशी', पण तिच्यात ना कुठला देश ना कुठला ऋतू. आणि ताडी परत आली तेव्हा झाडं कमी होती, छेवणारे हात त्याहून कमी होते, आणि मागणी मात्र शहराएवढी होती. ही तफावत कुणीतरी भरून काढणारच. क्लोरल हायड्रेटसारखी गुंगी आणणारी रसायनं पाण्यात मिसळून 'ताडी' म्हणून विकल्याची प्रकरणं महाराष्ट्रानं पाहिली आहेत. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं मेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. मेलेले सगळे गरीब होते. झाडापासून पेल्यापर्यंतचं अंतर जितकं वाढत गेलं, तितका तो पेला धोक्याचा झाला, एवढं या दीडशे वर्षांतून मला दिसतं.

आता पुन्हा काचेच्या भिंतीमागच्या त्या टाक्यांकडे येऊ. २००९ साली पुण्यात 'डूलाली' नावाची छोटी ब्रुअरी सुरू झाली आणि महाराष्ट्रात अशा ब्रुअऱ्यांचं युग आलं. नावाची गंमत बघा. डूलाली म्हणजे आपलं नाशिकजवळचं देवळाली. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सोल्जर तिथल्या छावणीत महिनोन्महिने पडून असत आणि उकाड्यानं, कंटाळ्यानं भ्रमिष्ट होत. त्यावरून इंग्रजीत 'डूलाली टॅप' हा शब्दप्रयोग आला; त्यातला 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. पुढे पुण्यातच मधापासून मद्य करणारी 'मूनशाइन मीडरी' २०१८ साली सुरू झाली. इथली तरुण मंडळी मोठ्या हौसेनं आपल्या फळांकडे, मधाकडे, धान्याकडे वळताहेत. सातू आपल्याकडे फारसा पिकत नाही, बियरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं तर बाहेरूनच आणावी लागतात. म्हणून 'स्थानिक' बियर म्हणजे बहुधा परक्या पायावर आपल्या फळाची चव. तरीही मला ही धडपड मनापासून आवडते. बियरला पुन्हा ऋतू आठवतो आहे.

मला खटकतं ते दुसरंच. फळ्यावर खडूनं 'या मोसमाची' असं लिहिण्याचा परवाना ज्याच्याकडे भांडवल आहे त्याला मिळतो. ज्याच्याकडे झाड आहे त्याला तो मिळणं अजून अवघड आहे. शेजारच्या गोव्यात काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची उर्राक मार्च ते मे या महिन्यांतच मिळते आणि लोक तिची वर्षभर वाट पाहतात. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला राज्याचं वारसा मद्य ठरवलं. सीमा ओलांडून सिंधुदुर्गात आलात, की तोच काजू, तीच बोंडं. पण इथे ती मोठ्या प्रमाणावर बागेत कुजतात. झाडाला सीमा कळत नाही, कायद्याला मात्र कळते.

मोहाच्या बाबतीत थोडा उजेड आला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर आदिवासींची मालकी मान्य केली आणि २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं मोहाची फुलं गोळा करण्यावरची, साठवण्यावरची, वाहतुकीवरची जुनी बंधनं उठवली. १८९२ पासून मोजलं तर जवळजवळ एकशे तीस वर्षं लागली, झाडाखाली पडलेलं फूल उचलणं हा गुन्हा नाही हे मान्य व्हायला. फुलांचे लाडू, सरबत, मनुका करून विकण्याचे प्रयत्न आता ठिकठिकाणी चालू आहेत, आणि ते मला दारूइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्वाचे वाटतात.

मी कुणालाही प्या म्हणत नाही. ज्या गावातल्या बायका बहुमतानं 'आडवी बाटली' करतात, त्यांच्या मताला मी हात जोडतो. त्या मतामागे माझ्या आजीचं ते दुसरं वाक्य आहे. पण मोसम, माती, आपली चव यांचं कौतुक करायचं ठरवलंच आहे, तर ज्यांनी ते ज्ञान शेकडो वर्षं हातात जपलं आणि ज्यांच्या हातून ते काढून घेतलं गेलं, त्यांना त्या फळ्यावर कुठे तरी जागा हवी. नियम हवेत, तपासणी हवी, कर हवा तर करही घ्या. पण झाडाचा नंबर सरकारच्या वहीत आणि झाडाची कमाई तिसऱ्याच्याच खिशात, हा दीडशे वर्षांपूर्वीचा हिशेब तरी पुन्हा मांडू नये.

गेल्या वर्षी मे महिन्यात शहाड स्टेशनबाहेर, ताडगोळेवाल्याच्या शेजारी, मुरबाडकडची एक बाई बसली होती. तिच्यापुढे फडक्यावर सुकलेल्या मोहाच्या फुलांचा छोटा ढीग होता. इतक्या वर्षांत मी इथे तो प्रथमच पाहिला. पावशेर घेतली. पैसे देताना विचारलं, "बाई, आता कोणी धरत नाही ना यासाठी?"

तिनं फुलं कागदात बांधत माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "आता न्हाय धरीत कोन. पर इचारतात अजून."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)